राहीबाईंचा नवसाचा कोंबडा

आमच्या सासूबाईंना गावाने दोन नावं ठेवली आणि दोन्ही खोटी. पहिलं ‘देवीचोर’. ते त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाणवठ्यावर, गुऱ्हाळावर, चावडीपुढे सर्रास चालायचं. दुसरं नाव त्या गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मिळालं. गावच्या शाळेत कसलासा कार्यक्रम होता. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ भाषणात म्हणाले की या गावात त्या काळीही राहीबाईंसारख्या सुधारक बाई होत्या, त्यांनी देवभोळेपणाला लाथ मारली. मी पुढच्याच रांगेत बसले होते. मला इतका राग आला की मधेच उठून घरी आले. लाथ मारली म्हणे. आमच्या आत्या (सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात) दर मंगळवारी अनवाणी लक्ष्मीआईच्या देवळात जायच्या. घरात कुणी देवीविषयी वेडंवाकडं बोललं तर त्याला जेवायला वाढायच्या नाहीत. त्या चोर नव्हत्या आणि सुधारकही नव्हत्या. काय होत्या ते मी सांगते, कारण सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि बरंचसं माझ्या पोटावरून झालं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या वरच्या अंगाला. ऊस, हळद, गुळाची गुऱ्हाळं, आणि घरटी एखादा पोरगा पलटणीत. मी लग्न होऊन आले ती लढाईच्या दिवसांत. आमचे हे, नाव घ्यायचं तर अर्जुना, लग्नापुरते रजेवर आले होते. रजा संपली आणि त्यांची पलटण बोटीत बसून इटलीकडे गेली. घरात उरलो आम्ही दोघी. सासरे मी पाहिलेच नाहीत, ते विहीर खणताना दरड कोसळून गेले होते. आत्या उंच, काटक, मिश्रीने दात काळे. बोलायला लागल्या की शेजारच्या आळीत समजायचं आज कुणाचा नंबर आहे.

त्या कोंबड्या पाळायच्या त्या अंड्यांसाठी नव्हे, कापायला विकण्यासाठी. जत्रा असो, आखाड असो, जावई येणार असो की बाळंतिणीला रस्सा हवा असो, लोक राहीबाईंच्या खुराड्याकडे वळायचे. पण कोंबडा हातात देण्याआधी त्या त्याची जी झडती घ्यायच्या ती पोलिसानेही घेतली नसती. सकाळी दाणे टाकायच्या आधी गळ्याखालची पिशवी चाचपायच्या. रात्रीतून ती रिकामी झालेली हवी. पाणी भरल्यासारखी लिबलिबीत लागली की कोंबडा बाजूला. मग तुरा. लाल असला तर ठीक, जांभळट किंवा फिक्का असला तर नाही. पंख उचलून बघायच्या, शेपटी उचलून बघायच्या, आणि शेपटीखालची पिसं हिरवट घाणीने चिकटलेली दिसली की विषय संपला. चोच उघडून आत नाक लावायच्या. छातीचं हाड बोटाला टोचलं तर म्हणायच्या, “हे आतनं झिजाय लागलंय.” कापल्यावरही सुटका नव्हती. कलेजी हातात घेऊन उजेडात फिरवायच्या. तिच्यावर पांढरे ठिपके असले तर अख्खा कोंबडा खड्ड्यात, वर राख, आणि गिऱ्हाइकाला दुसरा.

म्हणून त्या उगाच नाक मुरडणाऱ्या होत्या असं कुणी समजू नये. झुंजीत डोळा फुटलेला, बैलाच्या पायाखाली तंगडी मोडलेला कोंबडा त्या खुशाल कापायला द्यायच्या, पण त्याच दिवशी. जखम चिघळेपर्यंत थांबलात तर तुमचं तुम्ही निस्तरा. तुऱ्यावर देवीच्या रोगाचे फोड आलेले असले तर खपल्या पडून तो पुन्हा दाणे टिपायला लागेपर्यंत थांबायचं. लोक म्हणायचे, लंगडं चालतं आणि सर्दी झालेलं चालत नाही, हा कुठला न्याय. आत्या म्हणायच्या, “लंगड्याचा पाय मोडलाय, रगत न्हाई बिघडल्यालं.”

भांडण व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्याकडे कोंबडं मरायला टेकलं की लोक घाईने सुरी शोधायचे. मेलं तर वाया जाईल, त्याच्या आत कापलं की खाता येतं, असा साधा हिशेब. आणि गरिबाच्या घरचा तो हिशेब चुकीचा आहे असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू. पण पिसं भाजल्याचा वास अवेळी आला की आत्या त्या घरी हजर. कुणी दार लावून घ्यायचं, कुणी शिव्या द्यायचं. एकदा तर त्यांनी सख्ख्या जावेच्या, साळूबाईंच्या चुलीवरचं पातेलं उतरवून उकिरड्यावर पालथं केलं होतं. त्यावरून दोन्ही घरांचं बोलणं पुढच्या दिवाळीपर्यंत बंद होतं.

एवढा हट्ट कशाला, ते मला पुढे कळलं. आत्या परकरी पोर असताना मानमोडीची साथ आली होती. त्या तापाने गावंच्या गावं रिकामी झाली. त्यांच्या माहेरी चूल पेटवायलाही कुणी धड राहिलं नव्हतं. तेवढ्यात खुराड्यातल्या कोंबड्याही माना वाकड्या करून पडायला लागल्या, आणि उपाशी माणसांनी त्या खाल्ल्या. मग आईबाप गेले, भाऊ गेला. आत्यांना ताप आलेला होता म्हणून त्यांनी खाल्लं नव्हतं, आणि त्या वाचल्या. कोंबड्यांच्या मान वाकडी करणाऱ्या रोगालाही आमच्याकडे मानमोडीच म्हणतात. आत्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं. पुढे कधीतरी गुरांच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं की माणसांची मानमोडी वेगळी आणि कोंबड्यांची वेगळी, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. मी घरी येऊन आत्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “संबंध न्हाई, मग नाव एक कशाला ठेवलं?” त्यांची समजूत चुकीची होती, हे मला मान्य आहे. तरी त्यांच्या हातचा कोंबडा मी डोळे मिटून खाल्ला असता, आणि गावात दुसऱ्या कुणाच्या हातचा नाही.

आता नवसाचं. अर्जुना बोटीत बसले त्या दिवशी आत्यांनी लक्ष्मीआईला बोलून ठेवलं होतं की पोरगा जिता परत येऊ दे, घरात वाढवलेला कोंबडा तुला देईन आणि त्याची कलेजी माझ्या सुनेला प्रसाद म्हणून खाऊ घालीन, घरात नातवंड खेळू दे. कलेजीचं मुद्दाम बोलल्या, कारण हे गेले तेव्हा मला दिवस होते आणि ते मूल राहिलं नाही. लढाई संपली. हे परत आले, हाडांचा सापळा होऊन पण धडधाकट. चैत्रातल्या जत्रेच्या सुमारास मी पुन्हा पोटुशी होते, आणि अख्ख्या गावाचं लक्ष माझ्या पोटाकडे होतं. नवस आता फेडायचा, आणि कलेजी मी खायची. मला तर त्या कलेजीची स्वप्नं पडत होती. पहिलं मूल गेल्यापासून मला रात्रंदिवस एकच भीती असायची, आणि त्या भीतीवर मला माहीत असलेलं औषध ते एकच होतं.

कोंबडा तयार होता. तांबडा, काळ्या शेपटीचा, आत्यांनी हातावर वाढवलेला. पण त्या उन्हाळ्यात गावात कोंबड्यांची मर आली. खालच्या आळीतून सुरू झाली आणि आमच्या खुराड्यापर्यंत पोचली. जत्रेच्या आदल्या दिवशी तांबड्याने दाण्याला चोच लावली नाही. जत्रेच्या सकाळी तो एका पायावर रेलून उभा होता, मान किंचित तिरकी. आत्यांनी शेपटी उचलून पाहिली आणि त्याला डालग्याखाली झाकून ठेवला.

केरबा, म्हणजे आत्यांचे धाकटे दीर, साळूबाईंचे नवरे, तेवढ्यात आले. माणूस मनाचा वाईट नव्हता. भावामागे या घराचं शेत त्यांनीच कसलं होतं, म्हणून घरातला शेवटचा शब्द आपला, असा त्यांचा समज होता. आत्या म्हणाल्या, “भावजी, ह्यो कोंबडा रोगाट हाय. नवस आखाडात फेडू.”

“पावनं आल्यात, ढोल आल्यात, आन् तुमी आखाड म्हंता? उन्हानं मरगळलंय त्ये. शिजवलं की सगळा रोग जळून जातोय, वैनी. आमी काय आजच खायाला लागलोय व्हय?”

“तुमी खावा. माजी सून पोटुशी हाय.”

केरबांनी वाद घातला नाही. आत्या परसात गेल्या आहेत हे बघून डालगं उचललं आणि कोंबडा काखेत मारून सरळ देवळाकडे निघाले. आत्यांना कळलं तेव्हा त्या भिजल्या हातांनीच त्यांच्या मागे धावल्या, आणि मी आत्यांच्या मागे.

आमच्या देवळातली रीत अशी. कोंबडा देवीपुढे उभा करायचा, त्याच्या पाठीवर हळदीचं पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्याने पिसं फुलवून अंग झाडलं की देवीने घेतला. नाही झाडलं तर पुन्हा पाणी, पुन्हा वाट. कधीकधी तास जायचा. देवी रुसली, काय चुकलं, कुणी काय खाल्लं, अशी चर्चा व्हायची. त्या दिवशी मात्र आकाराम पुजाऱ्याने हात पाण्यात बुडवला, थेंब पडले न पडले तोच तांबडा नखशिखांत थरथरला. ढोल वाजले. “घेतला, घेतला,” असा गलका झाला. बायांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

आत्या गर्दी फोडून पुढे गेल्या. “ढोल थांबवा,” म्हणाल्या. थांबले. “आता पानी शिपडू नगा. हात मागं घ्या. नुसतं बगा.”

सगळे बघत राहिले. कोंबडा पुन्हा थरथरला. मान आणखी वाकडी झाली. थोड्या वेळाने पुन्हा थरथरला. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं.

“देवी एकदा व्हय म्हनती,” आत्या म्हणाल्या. “ह्यो सकाळपासनं व्हय म्हंतोय.”

मागे कुणीतरी खुसकन हसलं. पण केरबा हजरजबाबी होते. ते म्हणाले, “मंजे लयच परसन्न झालीया.” मग सगळेच हसले, आणि आकारामने सुरी उचलली.

तेव्हा माझ्या सासूने जे केलं ते त्या देवळात कुणी केलं नव्हतं. त्यांनी देवीपुढून तो कोंबडा उचलला, पदराखाली घेतला आणि चालू लागल्या. हसू जागच्या जागी थांबलं. लक्षात घ्या, ते साल असं होतं की आमच्या भागात सरकारला कुणी जुमानत नव्हतं. पोलीस गावात शिरायला कचरायचे. आणि तीच माणसं आकाराम पुजाऱ्याने भुवई उचलली की मान खाली घालायची. ती सगळी मर्द मंडळी थिजून उभी राहिली आणि एक विधवा बाई देवीचं घेऊन निघून गेली. केरबांना पहिल्यांदा वाचा फुटली. ते अर्जुनाला म्हणाले, “बगतोस काय रं? आन माघारी त्यो कोंबडा. नवस तुज्यासाठीचा हाय.”

हे आईच्या मागे गेले. लोकांना वाटलं आणतील हिसकावून. मळ्याच्या वाटेवर त्यांनी आईला गाठलं, तिच्या पदराकडे बघितलं आणि विचारलं, “आई, फावडं कुटं हाय?” आत्यांनी कोंबड्याची मान पिळून त्याला मोकळा केला, ह्यांनी घरून फावडं आणि चुना आणून तिथेच, मळ्याच्या अलीकडे, बांधाच्या कडेला खड्डा खणला, आणि वर चुना टाकून माती ओढली. इटलीत खड्डे खणायची सवय झाली होती, एवढंच हे पुढे कधी विषय निघाला तर म्हणायचे.

इकडे देवळात केरबांनी आपल्या खुराड्यातला दुसरा कोंबडा आणून कापला. पाहुणे उपाशी घालवायचे कसे. संध्याकाळच्या आत साळूबाई झाकलेली वाटी घेऊन आमच्या दारी आल्या. आत कलेजी होती. “खा पोरी,” त्या हळूच म्हणाल्या, “तुजी सासू यायच्या आत.” त्यांच्या डोळ्यांत खरंच माया होती. मी वाटी घेतली. तुकडा तोंडाशी नेला तोच आत्या दारात उभ्या. त्यांनी वाटी काढून घेतली, बोटाने तुकडे उलटेपालटे करून उजेडात पाहिले. “डाग दिसत न्हाई,” म्हणाल्या. “पर तुमच्या खुराड्यातबी मर शिरलीया, साळू. ही खानार न्हाई.”

मी त्या घरात तोंड उघडून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हणाले, “आन् ह्ये पोर बी गेलं तर?”

आत्यांनी वाटीवर झाकण ठेवलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मग म्हणाल्या, “तर गावाला सांग, माज्या सासूनं खाल्लं.” आणि वाटी साळूबाईंच्या हातात परत दिली. मी रात्रभर त्यांच्याशी बोलले नाही. मला त्यांचा द्वेष वाटला, हेही लिहून ठेवते.

जे जेवले त्यांना काही झालं का? काही झालं नाही. हे मी लपवणार नाही. केरबा दुसऱ्या दिवशी मुद्दाम आमच्या दारावरून ढेकर देत गेले. आत्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “कुनी मेलं न्हाई म्हनून कोंबडं बरं हुतं व्हय?” केरबा ढेकर आवरून पुढे चालते झाले.

मग ते नाव पडलं. देवीचोर. आमच्याकडे कोंबडा मागायला कुणी येईना, आणि यायचं कारणही उरलं नव्हतं, कारण खुराडं रिकामं झालं होतं. हळदीकुंकवाला मला बोलावणं येईना. शेजारच्या चंपाबाई जैनांच्या. त्या कुंपणावरून म्हणायच्या, “राहीबाई, मारूच नका कुठलं, म्हणजे भांडणच नाही.” आत्या म्हणायच्या, “तुमचं बरं हाय, चंपाबाई. तुमच्या देवाला काय लागतच न्हाई.” आकारामने निरोप धाडला की देवळात येऊन नाक घासा, चुकले म्हणा, मग देवी नवस घेईल. आत्यांनी उलट निरोप दिला की नवस आखाडात फेडायचा ठरला आहे आणि नाक ठिकाणावर आहे.

नवसाला कोंबडा कुठून आणणार, हे गावाला कोडं होतं. पण मळ्यातल्या खोपटाशी एक वाढता कोंबडा सुरुवातीपासून निराळा ठेवलेला होता. गावातल्या खुराड्याशी त्याचा संबंध नव्हता. मर आल्यापासून आत्या मळ्यात शिरताना विहिरीवर पाय धुवायच्या आणि आम्हालाही धुवायला लावायच्या. ह्यांना तर एकदा बूट काढून पाटात उभं केलं होतं. करड्या रंगाचा, ठेंगणा, दिसायला काहीच नाही असा तो कोंबडा. पण खायला वाघ, आणि सकाळी पिशवी रिकामी.

आखाडातल्या एका मंगळवारी आम्ही तिघं देवळात गेलो. मला चालवत नव्हतं, दिवस भरत आले होते. गाव जमलं होतं ते नवसाला नव्हे, तमाशाला. आत्यांनी कोंबडा देवीसमोर धरला आणि तिला दाखवायला लागल्या. पंख उचलून दाखवला, तुरा दाखवला, चोच उघडून दाखवली, शेपटी उचलली तेव्हा आकारामने तोंड फिरवलं. “बग गं बाई,” त्या देवीला म्हणाल्या, “खोट न्हाई.” आणि खाली सोडला.

आकारामने पाणी शिंपडलं. कोंबडा उभा. पुन्हा शिंपडलं. कोंबड्याने इकडेतिकडे पाहिलं, देवीपुढचे तांदूळ दिसले, ते टिपायला लागला. तिसऱ्यांदा ओंजळभर पाणी ओतलं. पाणी पिसांवरून घरंगळून गेलं आणि कोंबडा एका जागी दगडासारखा उभा राहिला. झाडतो म्हणून झाडेना. बाहेर पावसाची भुरभुर होती, लोक चौकटीत दाटी करून बघत होते, आणि कुजबूज वाढत चालली होती. मी खांबाला धरून उभी होते. चैत्रात देवीने घेतलेला कोंबडा आम्ही पुरला आणि आता धडधाकट दिला तर ती घेत नाही.

“चुकले म्हना,” आकाराम म्हणाला. “आत्ता झाडंल.”

आत्या खाली मांडी घालून बसल्या. “मला घाई न्हाई.”

बराच वेळ गेला. शेवटी केरबाच पुढे आले. त्यांचा आवाज मऊ होता, थट्टेचा नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाले, “वैनी, पोरगी अवघडल्याली हाय. म्हना की एकदा. नुसता शबुद तर हाय.”

“शबुद हाय म्हनून तर देत न्हाई,” आत्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. देवीच्या अगदी जवळ गेल्या, शेजारणीशी बोलावं तशा उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण देवळात सगळ्यांना ऐकू गेलं. “मी नवस बोलले, तवा तू मान हलवली हुतीस व्हय गं? हूं की चूं केलं न्हाईस. तरी मी भरवसा ठेवला, दोन साल पोराची वाट बगितली. आता मी देतीया. तू माज्यावर भरवसा ठेव.”

कुणी हललं नाही. कोंबडाही हलला नाही. आत्यांनी तो उचलून अर्जुनाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “काप.” आकारामने सुरी मागे घेतली. ह्यांनी खिशातला पलटणीतला चाकू काढला.

देवळामागे तीन दगडांवर आत्यांनी रस्सा केला. गाव गेलं नाही, पण जवळही आलं नाही, लांबून बघत राहिलं. आधी त्यांनी कलेजी हातावर घेऊन उजेडात फिरवली, मग शिजवली. पानावर माझ्यापुढे ठेवली. गावाच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते विष होतं, देवीने नाकारलेलं. चैत्रात जे खायला मी तडफडत होते ते मला मिळालं नव्हतं, आणि हे खायला माझा हात उठत नव्हता. आत्या आग्रह करतील म्हणून मी थांबले. त्या दगडांमधली लाकडं मागे ओढत राहिल्या. पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांच्या ओठावर घाम होता, त्याही भ्यालेल्या होत्या. मग मी खाल्लं. सगळं खाल्लं. पान पुसून घेतलं.

“मीठ बरूबर हाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हाय.” तेव्हा त्या जेवायला बसल्या.

श्रावणात मला मुलगी झाली. तीन वेशींपर्यंत आवाज जाईल अशी रडली. बाराव्या दिवशी केरबा नारळ घेऊन आले, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा आमच्या घरात बसले, पोरीला मांडीवर घेतलं. म्हणाले, “चला, वैनी. देवीनं माफ केलं तुमास्नी.”

आत्या चुलीपाशी होत्या. फुंकणी खाली ठेवून बाहेर आल्या.

“माफी कुनी मागितली हुती?” त्या म्हणाल्या. “माफ न्हाई केलं, भावजी. नवस घेतला.”

आत्यांनी केरबांजवळचा नारळ घेतला आणि दारातल्या दगडावर फोडला.